जुन्या मोटारीचा हातब्रेक



इतिहास, अर्थकारण, वेदान्त अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत हातब्रेकच्या केबललाही पाट मांडलेला पाहून काहींना मौज वाटली असेल. विषय लहान आहे खरा. परंतु उतारावर उभी केलेली मोटार, तिच्यात बसलेली मुले आणि खालून जाणारा रस्ता एवढे चित्र डोळ्यांपुढे आणले, म्हणजे करंगळीएवढ्या जाडीच्या या तारेवर काय अवलंबून असते ते ध्यानात येईल.

जुन्या मोटारींच्या षोकिनांत दोन पंथ आहेत. एका पंथाची मंडळी गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी राखू पाहतात. दुसरा पंथ अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला. तेथील तरुण स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या घेत, त्यांच्या अंगावरचे ओझे उतरवीत आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांतून त्या पिटाळीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. सांगाडा १९३२ च्या फोर्डचा, एंजिन दुसऱ्याच गाडीचे, मागचा अ‍ॅक्सल तिसऱ्याच गाडीचा, असा हा संसार. आम्हांला हा पंथ अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात प्रत्येक गोष्टीचा विचार नव्याने करावा लागतो.

१९३२ च्या फोर्डचे ब्रेक सळयांनी चालत. तेलाच्या दाबाचे ब्रेक फोर्डने १९३९ च्या गाड्यांत आणले. आजचा बांधणारा त्या जुन्या सांगाड्याखाली पुष्कळदा ‘नऊ इंची’ नावाने ओळखला जाणारा, १९५७ च्या गाड्यांपासून वापरात आलेला फोर्डचाच अ‍ॅक्सल घालतो. त्याच्या ड्रममध्ये पायब्रेक तेलावर चालतो. हातब्रेकसाठी आत वेगळी तरफ असते आणि ती केबलने ओढायची असते. हे द्वैत हेतुपूर्वक ठेवलेले आहे. एक नळी फुटली किंवा एक रबर गळू लागले, तर एकाच वाटेने दाब नेणाऱ्या जुन्या पद्धतीत पायाखालचा ब्रेक समूळ जातो. शिवाय कोंडलेला दाब हळूहळू ओसरतो. त्याच्या भरवशावर गाडी रात्रभर उभी ठेवता येत नाही. म्हणून ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांनी असे ठरविले की, उभ्या गाडीचा ब्रेक १६ टक्के चढावर गाडी धरील असा असावा आणि ते धरणे तेल, हवा अथवा वीज यांच्या मध्यस्थीवाचून निव्वळ यांत्रिक असावे. हजार किलोच्या गाडीला अशा उतारावर सुमारे १५८ किलोचा ओढा लागतो. तो सारा या तारेने पेलायचा.

ही तार आपल्या ओळखीची आहे. सायकलच्या ब्रेकची केबल ती हीच. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन याने १८९६ साली तिचे पेटंट घेतले. आतली तार ओढते हे सर्वांस दिसते. बाहेरचे वेष्टण तितक्याच जोराने ढकलत असते, हे दिसत नाही. वेष्टणाची दोन्ही टोके भक्कम टेकलेली नसली, तर हाताची ओढ वेष्टण सरळ करण्यातच खर्ची पडते. म्हणून एक टोक सांगाड्याला आणि दुसरे ब्रेकच्या मागच्या थाळीला पक्के करावे. अ‍ॅक्सल पाट्यांवर वरखाली होत असतो, तेव्हा मध्ये सैल कमान ठेवावी. मात्र वळणे बेताची हवीत. एकूण वळण अर्ध्या वर्तुळाचे झाले आणि घर्षणाचा गुणांक ०.१२ धरला, तर हाताच्या जोराचा सुमारे तिसरा हिस्सा वाटेतच जिरतो!

आता मुख्य मुद्दा. बहुतेक बांधणारे लांबी मोजतात, केबल कापतात आणि काम झाले असे समजतात. लांबी हा यातला सर्वांत सोपा भाग. जुळवायची असते ती हालचाल. समजा, हातातील तरफ १२ इंचांची आहे आणि केबल टेकूपासून २ इंचांवर अडकवली आहे. २० किलोची ओढ सहा पट होऊन १२० किलो झाली. पुढे बैलांच्या जुवासारखा दुवा ती दोन चाकांना साठ-साठ किलो वाटून देतो. जोर वाटला जातो. हालचाल मात्र दोन्हीकडे पूर्ण जाते. हात ९ इंच फिरला तर केबल दीड इंच सरकेल. तिच्यातला अर्धा इंच ढिलाई आणि ताण खातात. उरलेल्या एका इंचात शू ड्रमला भिडले पाहिजेत. जोर कमी वाटतो म्हणून एखाद्याने भोक दीड इंचावर घेतले, तर ओढ आठ पट होईल, पण केबल सव्वा इंचही सरकणार नाही. शू भिडण्यापूर्वीच हात संपेल. जोर आणि हालचाल या दोन सवती आहेत. एकीला दिले की दुसरीचे कमी होते. म्हणून ड्रममधल्या तरफेला किती इंच लागतात ते आधी मोजावे आणि मग हातातल्या तरफेवरचे भोक ठरवावे.

कापलेल्या टोकाविषयी आमचे मत कडक आहे. नटबोल्टचा चिमटा आवळून चालविणे हा तात्पुरता उद्योग, तो सरकतो. पितळी डाग देताना तार लाल झाली तर तिचे पाणी उतरते. यंत्राने चेपून बसविलेले टोकच घ्यावे.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा. केबल पूर्ण सैल ठेवून आधी शू ड्रमाजवळ आणावेत, नंतरच केबल ताणावी. उलट केल्यास चाके गरम होतात. नवी केबल थोडे दिवस बसते, म्हणून आठवड्याने पुन्हा ताण पाहावा. परीक्षा चढावरच घ्यावी, नाक वर आणि नाक खाली अशी दोन्हीकडे, आणि चाकामागे वीतभर अंतरावर लाकडी ठोकळा ठेवून. गाडी पावसाळाभर शेडमध्ये ठेवायची असेल, तर हातब्रेक ओढून ठेवू नये. दमट हवेत शू ड्रमला चिकटतात आणि वेष्टणात तार गंजते. तोवर तो ठोकळाच चाकाखाली असू द्यावा.