आकाशाचा पहारा



तारे म्हटले की आपल्याला ध्रुवाचे अढळपद आठवते. परंतु काही तारे अर्धशतक निपचित पडून राहतात आणि एके दिवशी एकाएकी भडकून उठतात. अशाच एका ताऱ्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

क्ष-किरण आपल्याला ठाऊक असतात ते इस्पितळातले. आकाशातूनही ते येतात. पण पृथ्वीचे वातावरण त्यांना वाटेतच गिळून टाकते. जमिनीवरची दुर्बीण कितीही मोठी असली तरी येथे तिचा इलाज चालत नाही. म्हणून १९७४ च्या ऑक्टोबरात ब्रिटनचा 'एरियल-५' हा उपग्रह वातावरणापलीकडे गेला. स्वतःभोवती गिरक्या घेत तो आकाश चाळीत असे. ३ ऑगस्ट १९७५ रोजी मृगाशेजारच्या एकशृंग तारकासमूहात त्याला एक नवा क्ष-किरण स्रोत आढळला. थोड्याच दिवसांत, सूर्य वगळता, त्याच्याइतका तेजस्वी क्ष-किरण स्रोत आकाशात दुसरा उरला नाही. नुसत्या डोळ्यांना मात्र तेथे काहीच दिसत नव्हते!

हा उत्पात कशाने घडला? तेथे सूर्याहून लहान असा एक तारा आणि एक अदृश्य वस्तू परस्परांभोवती फिरतात. एक फेरा पावणेआठ तासांचा. ताऱ्यावरचा वायू ओढला जातो आणि अदृश्य वस्तूभोवती चकतीसारखा साचत राहतो. वर्षानुवर्षे साचता साचता चकती तापते, आणि बांध फुटावा तसा तो वायू आत लोटतो. आतला भाग कोटी अंशांच्या घरात तापतो व क्ष-किरणांचा वर्षाव होतो. साठा सरला की पुन्हा सामसूम.

मग असे पूर्वीही घडले असेल काय? संशोधकांनी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेच्या जुन्या काचेच्या छायापट्ट्या धुंडाळल्या. १९१७ सालच्या पट्ट्यांवर त्याच जागी हा तारा उजळलेला सापडला! अठ्ठावन्न वर्षे ती साक्ष कपाटात पडून होती.

खरा उलगडा झाला तो पुढे, शांततेत. भडका विझल्यावर त्या मंद जोडीदार ताऱ्याचा वेग मोजता आला. अदृश्य वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून कमी असूच शकत नाही, असे १९८६ मध्ये मॅक्लिंटॉक आणि रेमिलार्ड यांनी दाखविले. न्यूट्रॉन ताऱ्याला एवढा भार पेलवत नाही. ते कृष्णविवर असल्याचा तो भक्कम पुरावा ठरला.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आपल्या 'ॲस्ट्रोसॅट'वरही आकाश न्याहाळणारे तीन कॅमेरे असे भडके हेरण्यासाठीच बसविले होते. त्या उपग्रहाच्या इतर क्ष-किरण उपकरणांच्या कामात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची 'आयुका' यांचा मोठा वाटा आहे.

'रोज आकाश पाहून हाती काय लागते?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक रात्री काहीच लागत नाही, हे खरे. पण १९१७ साली छायापट्टी टिपणाऱ्याला तरी तिचा उपयोग कोठे ठाऊक होता? त्याने ती टिपली, आणि कोणीतरी ती नीट जपून ठेवली. विज्ञानाचे पुष्कळसे भांडवल असे निमूट पहाऱ्यातून साठते. त्या पहाऱ्याचा खर्च मंजूर करताना आपण समाज म्हणून हात आखडता घेऊ नये, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.