एकस्व आणि लोकहित
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत, हैदराबाद येथे दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने औषधांच्या बाजारपेठेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी या विषयाकडे वळलो तो एका शब्दामुळे. ‘पेटंट’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ ‘उघडे असणे’ असा आहे. मराठीत आपण त्याला ‘एकस्व’ म्हणतो. म्हणजे एकट्याचे स्वामित्व. एका शब्दात दार उघडे आहे, दुसऱ्यात बंद. वस्तुतः दोन्ही अर्थ खरे आहेत. संशोधकाने आपली कृती जगापुढे मांडावी आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक काळ मक्ता द्यावा, असा हा करार आहे.

त्याच्या अटी कोणत्या असाव्यात? न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा कायदा झाला. त्यानुसार औषधावर एकस्व मिळेनासे झाले. ते केवळ निर्मितिप्रक्रियेवर मिळू लागले. तेच औषध निराळ्या रीतीने बनविण्याची मुभा मिळताच आपले रसायनतज्ज्ञ नव्या रीती शोधू लागले. आपल्या शहरातील औषधनिर्मितीच्या भरभराटीमागे हे एक मोठे कारण आहे. स्पर्धेने संशोधन खुंटले नाही. त्याची दिशा बदलली. मात्र सर्वस्वी नवे औषध शोधण्याची जोखीम फार थोड्यांनी पत्करली, हेही मान्य केले पाहिजे. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधांवरील एकस्व पुन्हा आले.

या नव्या व्यवस्थेची कसोटी याच शहरातील नॅटको कंपनीच्या निमित्ताने लागली. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील ‘सोराफेनिब’ हे औषध बायर कंपनी महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकत असे. पगारदार माणसाच्या घरात हा आकडा उच्चारल्यावर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. नॅटकोने कायद्याच्या ८४ व्या कलमान्वये अर्ज केला आणि मार्च २०१२ मध्ये देशातील पहिला सक्तीचा परवाना तिला मिळाला. किंमत ८,८८० रुपयांहून अधिक नसावी आणि विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क बायरला द्यावे, अशा अटी होत्या. अपिलात हे शुल्क ७ टक्के झाले. परवान्यानंतर दोनच महिन्यांनी सिप्लाने आपल्या याच औषधाची किंमत सुमारे २८,००० रुपयांवरून ६,८४० रुपयांवर आणली. परवान्याने एक दार उघडले. पुढचे काम स्पर्धेने केले.

तथापि सक्ती हा नेहमीचा मार्ग होऊ शकत नाही. संशोधनाचा खर्च भरून निघण्याची आशाच मावळली, तर उद्याचे औषध कोण शोधील? म्हणून स्वखुशीचे परवाने मला अधिक आश्वासक वाटतात. २०१४ मध्ये गिलियड कंपनीने कावीळ ‘सी’वरील ‘सोफोसबुवीर’ बनविण्याचे परवाने भारतात एकाच वेळी सात कंपन्यांना दिले. परवाना एकालाच दिला, तर मक्ता केवळ हात बदलतो. अनेकांना दिला, तर रुग्णाला दिलासा मिळतो आणि शोधकालाही त्याचा वाटा मिळतो.

आपले ग्रंथालय दुसरे काय करते? ग्रंथ मोल देऊन घेते आणि कपाट सर्वांसाठी उघडे ठेवते. ग्रंथ विकतच घेतला नाही, तर लेखक उपाशी राहील. कपाटाला कुलूप लागले, तर वाचक. हा तोल आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षे सांभाळला. कायदे करणाऱ्यांनाही तो साधावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.