स्वस्त कॅमेऱ्याची पारख

सोनें कसोटीवर घांसून घ्यावें आणि बैल औताला जुंपून घ्यावा, हा व्यवहारांतला जुना शिरस्ता आहे. खिशांत मावणारा स्वस्त डिजिटल कॅमेरा घेतांना मात्र शहाणीं माणसेंहि हा शिरस्ता विसरतात. खोक्यावर मेगापिक्सेलचा आंकडा मोठा, तर चित्रहि चांगलें, असा हिशेब करून तीं मोकळीं होतात.

हा हिशेब चुकतो कोठें? अमेरिकेंतील कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ सालीं पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हां त्याच्या चित्रांत अवघे दहा हजार बिंदू होते. पुढें लहान कॅमेऱ्यांतहि दोन कोटी बिंदू आले. भिंगांतून येणारा प्रकाश ज्या सेन्सरवर पडतो, त्यावर या बिंदूंचे कप्पे असतात. पावसांत मांडलेल्या वाट्यांत जसें पाणी, तसा या कप्प्यांत प्रकाश सांठतो; वाटी जितकी लहान, तितकें पाणी थोडें. व्यावसायिक छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यांत हा सेन्सर बहुधा ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. स्वस्त कॅमेऱ्यांत तो सुमारें ६ बाय ४.५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळानें तीसपट लहान असतो. एवढ्या जागेंत दोन कोटी कप्पे कोंबले, कीं प्रत्येकाच्या वांट्यास प्रकाश फारच थोडा येतो. आणि गरज तरी किती? सहा इंच लांब व चार इंच रुंद छायाचित्र दर इंची ३०० बिंदूंनीं छापावयाचें, तर साडेएकवीस लाख बिंदू पुरतात.

तेव्हां आंकडा सोडून चित्रच पाहिलें पाहिजे. पुणें-सोलापूर रस्त्यावरील वरवंडसारख्या गांवीं या परीक्षेस प्रयोगशाळा लागत नाहीं.

पहिली कसोटी दुपारच्या उन्हाची. पांढरें धोतर नेसलेला माणूस उन्हांत उभा करावा आणि त्याच्या मागें निंबाची दाट सावली असावी. धोतराच्या चुण्या नाहींशा होऊन नुसता पांढरा डाग उरला, किंवा सावलींतील खोड काळ्याशार रंगांत बुडालें, तर ऊन व सावली एकत्र पेलण्याची त्या कॅमेऱ्याची शक्ति कमी समजावी.

दुसरी कसोटी भिंगाची. वर्तमानपत्राचें पान भिंतीवर ताठ चिकटवून, कॅमेरा स्टुलावर स्थिर ठेवून चित्र घ्यावें. मधलीं अक्षरें स्वच्छ आणि कोपऱ्यांतलीं पुसट दिसलीं, तर दोष भिंगाचा. झूम पूर्ण लांबवून हीच परीक्षा पुन्हां करावी. व्हिक्टोरिया तलावावरील पक्षी टिपूं पाहणाऱ्यानें तर हें अवश्य पाहावें. भिंग पुढें सरकून होणारा झूम खरा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून ताणणें होय.

तिसरी कसोटी तिन्हीसांजेची. गुऱ्हाळांत काहिलीजवळ उभ्या असलेल्या गुळव्याचें चित्र फ्लॅशवांचून घ्यावें. अंधारांत रवाळ दाणे दिसूं लागतात. कित्येक कॅमेरे हे दाणे आपल्या गणितानें पुसून टाकतात. पण त्यांबरोबर मिशीचे केस आणि कपाळावरच्या सुरकुत्याहि पुसल्या जातात. चेहरा मेणाचा दिसला, तर तो गुळगुळीतपणा गुण समजूं नये.

चौथी कसोटी रंगाची, आणि शेतकऱ्याला तीच सर्वांत मोलाची. रोगट पानाचें चित्र सल्लागाराकडे पाठवून औषध विचारण्याची चाल आतां पडली आहे. कॅमेऱ्यानें पिवळें पडलेलें पान हिरवें दाखविलें, तर सल्ला चुकेल आणि फवारणीचा खर्च वायां जाईल. म्हणून उंसाच्या पानाशेजारीं पांढरा कागद ठेवून एकदां उन्हांत व एकदां दिव्याखालीं चित्र घ्यावें. कागद दोन्हीकडे पांढराच दिसला, तर रंगांवर बराच विश्वास ठेवतां येईल.

हीं चित्रें दुकानांत कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर पाहून निकाल देऊं नये. तेथें सर्वच चित्रें देखणीं दिसतात. तीं मोठ्या पडद्यावर उघडावीं, किंवा दोन-चार छापून घ्यावीं. मोबाइलमुळें २०१० नंतर या कॅमेऱ्यांचा खप झपाट्यानें उतरला, आणि त्यांतले पुष्कळ आतां जुन्या बाजारांतच मिळतात. तेथें भिंगावर बुरशीचे धागे नाहींत ना, हें उजेडांत धरून पाहावें. भिंग झांकून एक काळें चित्र घ्यावें. त्यांत चमकणारे ठिपके दिसले, तर तितके कप्पे बिघडले असें जाणावें.

चारहि कसोट्यांस पूर्ण उतरेल असा स्वस्त कॅमेरा विरळाच. म्हणून गिऱ्हाइकानें आपली गरज आधीं ठरवावी. पिकाची नोंद ठेवणाऱ्यानें रंग पाहावा, पक्षी टिपणाऱ्यानें भिंग पाहावें. आणि ज्या घरांत म्हाताऱ्या आजीचें एकहि छायाचित्र नाहीं, त्या घरानें तिन्हीसांजेची कसोटी सर्वांत आधीं घ्यावी. कारण आजी बसते ती माजघरांतल्या मंद उजेडांत, आणि सुरकुत्यांवांचून तिचा चेहरा तिचा राहत नाहीं.