चौरस फुटांच्या पुढचं विचारा

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं मुंबई, ठाणे, पुण्यात घर आहे. बहुधा आईवडील तिथेच राहतात. जुन्या सोसायट्या भराभर पुनर्विकासाला निघाल्यात. तेव्हा इथल्या शहरांचं कौतुक बाजूला ठेवून तिकडच्याच दोन वस्त्यांबद्दल बोलतो.

पहिली गोवंडीची. नटवर पारेख कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना पक्की घरं मिळाली. पण सात-आठ मजली इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर! मधल्या बोळात कचरा, म्हणून खिडक्या बंद. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत तरंगत राहतात. हवा खेळली नाही तर खोलीतच रेंगाळतात. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या 2018 च्या अभ्यासात हेच दिसलं: ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. त्या हिशेबाने गोवंडीत दहा-अकरा मीटर सुटायला हवे होते.

दुसरी वस्ती बेलापूरची, आर्टिस्ट्स व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी ती आखली. एका चौकाभोवती सातेक घरं, आणि दोन घरांत सामायिक भिंत नाही. त्यामुळे ज्याला जमेल तेव्हा त्याने शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवावी, मजला चढवावा. लोकांनी तसंच केलं. मूळची कौलारू घरं आता फार थोडी उरली आहेत. काही वास्तुविशारद त्याबद्दल हळहळतात. मला मात्र त्यात कोरियांचं यशच दिसतं. घरं बदलली, चौक टिकले.

आजच्या अनेक टॉवरमध्ये घर बदलण्याची नेमकी ही सोय जाते आहे. मायवान या बांधकाम पद्धतीत भिंतीसुद्धा स्लॅबबरोबर काँक्रीटमध्येच ओततात. काम झपाट्याने उरकतं, पण ती भिंत पुढे फोडता येत नाही. वडिलांना उद्या व्हीलचेअर लागली तर न्हाणीघराचं दार रुंद करता येणार नाही.

सोसायटीच्या बैठकीत सगळी चर्चा वाढीव चौरस फूट, भाडं आणि कॉर्पस निधी यांवर चालते. तुमची संमती ईमेलने मागवली जाईल, तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: खिडकीपासून समोरच्या इमारतीपर्यंतचं अंतर, डिसेंबरात दुसऱ्या मजल्यावर ऊन किती तास येईल, आणि आतल्या कोणत्या भिंती काढता येतील. आराखडा मंजूर झाल्यावर यातलं काहीही बदलणं फार अवघड असतं.