थांबलं की गाडी बंद पडते

गटांच्या बैठकांना जायला मी जुनी स्प्लेंडर घेतली. पाथरी रोडवर ट्रकला वाट द्यायला थांबले, अन् गाडी बंद! मागं पेटी धरून बसलेल्या ताई म्हणाल्या, "ढकलू का?" मिस्त्रीनं रेस भरमसाठ वाढवून दिली. मग उभी गाडीही नुसती ओरडायची, पेट्रोल प्यायची.

आता मीच करते. दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम करा. थंड इंजिनावर अंदाज चुकतो. चोक बंद, गाडी न्यूट्रलला, मधल्या स्टँडवर, अंगणात. ओढणी खोचून घ्या, सायलेन्सरला हात नको. कार्बोरेटरवर स्प्रिंग घातलेला स्क्रू असतो. उजवीकडे फिरवला की रेस वाढते, डावीकडे कमी होते. पाव-पाव फेराच फिरवा. आवाज संथ पण एकसारखा हवा. हवेचा बारीक स्क्रू वेगळा, त्याला हात लावू नका. मी लावला होता, दोन दिवस पायी फिरले.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. रेस आपोआप वाढली, तर केबल ओढली जातेय. आधी ती नीट करून घ्या. एवढं करूनही बंद पडली, तर प्लग आणि एअर फिल्टर तपासा. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींना कार्बोरेटरच नाही, त्या मिस्त्रीकडेच न्या.