पदवीनंतरची दोन वर्षे



मुलाने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, की घरात प्रश्न उभा राहतो : नोकरी की एम.टेक.? इमारतीने, पुलाने, धरणाने भार कसा पेलावा हे सांगणारे जे संरचना अभियांत्रिकीचे शास्त्र, त्याकडे पुष्कळांचा ओढा असतो. पण घरातली चर्चा बहुधा ‘गेट’ परीक्षेतील गुण आणि संस्थेचे नाव यांवरच संपते. माझे म्हणणे असे, की संस्था निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला प्रश्न निवडावा.

प्रश्न म्हणजे काय, ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे गेली. ती भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. पण त्यांच्या अंगावर कोसळल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची जड माती. तेव्हा सिमेंटची घरे आली म्हणजे भय सरले, असे कोणासही वाटेल. परंतु २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात धरणी हादरली, आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या! त्यांतील अनेकींच्या तळमजल्यावर मोटारींसाठी जागा सोडून नुसते खांब ठेवले होते. वरचे मजले भिंतींनी ताठ. साहजिकच सारी हालचाल खालच्या खांबांत एकवटली.

नियम नव्हते असे नाही. भूकंपविषयक भारतीय मानक १९६२ सालीच निघाले होते. १९९३ च्या मानकाने तर खांबातील रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवावीत, इथवर सांगितले. का? धक्क्याने बाहेरचे काँक्रीट निखळले, की ९० अंशांची टोके उघडतात, रिंग सुटते आणि खांब फुटतो. नियम पाठ करणे वेगळे आणि हे कारण उमगणे वेगळे. एम.टेक. करायचे ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

म्हणून माझी सूचना अशी. शक्य असेल त्याने आधी वर्षभर बांधकामावर काढावे आणि सळई प्रत्यक्ष कशी बांधतात ते पाहावे. पहिल्या वर्षी संरचनांची गतिकी मन लावून शिकावी. संगणक आकडे क्षणात देतो; पण खांब तळाशी पक्का आहे की सैल, हे त्याला आपणच सांगावयाचे असते, आणि चुकीचे सांगितले तरी तो बिनतक्रार उत्तर देतो. हाती आकडेमोड करून ते उत्तर पडताळता आले पाहिजे. दुसरे वर्ष प्रबंधाचे. तेथे संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण आणि प्रयोगशाळेत काय आहे, याची चौकशी अधिक मोलाची.

आणि प्रबंधाला विषय कोणता? तो शोधावयास दूर जावे लागत नाही. या सभेतील कित्येकजण आज रात्री अशाच मोकळ्या खांबांवरच्या इमारतींत झोपणार आहेत. त्या पाडल्यावाचून, माणसांना घराबाहेर न काढता, आणि सामान्य रहिवाशांना झेपेल अशा खर्चात बळकट कशा कराव्यात, हा प्रश्न घेऊन जो मुलगा वा मुलगी एम.टेक.ला जाईल, त्याची दोन वर्षे सत्कारणी लागतील.