मुलांचे खेळ आणि खेळांतलें नाणें

पनवेल हें जुनें बाजाराचें गांव. खाडीनें आलेला माल घाटावर जातांना व घाटावरचा माल बंदराकडे येतांना येथें थांबे. 1852 सालीं येथें नगरपालिका झाली. नाणें वाजवून घेण्याची संवय अशा गांवांतील मुलांना दुकानाच्या पायरीवरच लागत असे. 2016 सालापासून पनवेल हें महानगर झालें आहे. पुष्कळ घरांतील आईबाप सकाळच्या लोकलनें मुंबईस जातात, आणि शाळेंतून परतलेलें मूल मोबाइलवर दूरदूरच्या सवंगड्यांशीं खेळूं लागतें. तेथेंही बाजार भरलेला असतो. मात्र तेथलें नाणें वाजवून पाहतां येत नाहीं.

असे खेळ चालविण्यास खर्च येतो. यंत्रें अहोरात्र चालू ठेवावीं लागतात, कारागिरांना वेतन द्यावें लागतें. तेव्हां पैसे घेण्यांत गैर कांहीं नाहीं. ते कोणत्या रीतीनें घेतले जातात, एवढाच प्रश्न आहे.

ह्या रीती मुख्यतः चार. पहिली पुस्तक विकत घेण्यासारखी. 2011 सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झालेला ‘माइनक्राफ्ट’ मुळांत असाच विकला गेला. दुसरी रीत वर्गणीची. 2005 सालीं निघालेल्या व 2017 सालीं बंद पडलेल्या ‘क्लब पेंग्विन’ ह्या मुलांच्या खेळांत प्रवेश फुकट असे. पण पेंग्विनचें घर मनासारखें सजवावयाचें तर वर्गणी भरावी लागे. ह्या दोन्ही रीतींत आईबापांस आंकडा अगोदर कळतो. तिसऱ्या रीतींत प्रवेश फुकट, परंतु रुपये देऊन खेळांतलें नाणें घ्यावयाचें, आणि त्या नाण्यानें पोशाख, नाच, दागिने घ्यावयाचे. ‘रोब्लॉक्स’मध्यें ह्या नाण्यास रोबक्स म्हणतात, ‘फोर्टनाइट’मध्यें व्ही-बक्स. चौथी रीत बंद पेटीची. पैसे आधीं द्यावयाचे, आंत काय आहे तें मागाहून कळावयाचें. जत्रेंतल्या सोडतीचीच ही बहीण.

खेळांतल्या नाण्यानें विक्रेत्याचे दोन हेतु साधतात. एक म्हणजे रुपया दृष्टीआड होतो. समजा, पोशाखाचें मोल 800 नाणीं आहे आणि गठ्ठा मिळतो 1,000 नाण्यांचा. उरलेलीं 200 नाणीं वायां जाऊं नयेत म्हणून मूल पुन्हां दुसरा गठ्ठा मागतें. एवढा हिशेब नऊ वर्षांच्या मुलानें करावा ही अपेक्षाच चुकीची. दुसरा हेतु अधिक सूक्ष्म आहे. पोशाखानें खेळाडूचें बळ वाढत नाहीं. वाढते ती चारचौघांतली प्रतिष्ठा. फुकटच्या पोशाखांतल्या सोबत्यास ‘डिफॉल्ट’ म्हणून हिणविण्याची चाल ‘फोर्टनाइट’ खेळणाऱ्या मुलांत पडली. सवंगड्यांसमोर वाटणारी लाज मुलाच्या लेखीं क्षुल्लक नसते, आणि ही गोष्ट विक्रेत्यास पुरती ठाऊक असते.

कायद्याची दृष्टि इकडे वळलेली आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान व्यक्ति करारास पात्र नाहीं. 1903 सालीं मोहरीबीबीच्या खटल्यांत प्रीव्ही कौन्सिलनें असा करार मुळांतच रद्दबातल ठरविला. पण पैसे वडिलांच्या खात्यांतून, वडिलांच्याच गुप्त अंकानें गेले, तर ते मुलानें दिले हें सिद्ध कसें करावयाचें? अमेरिकेंत 2014 सालीं ॲपल कंपनीस निदान 3 कोटी 25 लाख डॉलर ग्राहकांस परत देण्याचें कबूल करावें लागलें. एकदां परवलीचा शब्द घातला कीं पुढें 15 मिनिटें मुलांना हवें तें विकत घेतां येई, अशी तेथें तक्रार होती. 2022 सालीं ‘फोर्टनाइट’च्या एपिक कंपनीवर 24 कोटी 50 लाख डॉलर परत करण्याची पाळी आली. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रकांनीं 2018 सालीं पैसे घेऊन विकलेल्या बंद पेट्या जुगारांत जमा केल्या. भारताच्या संसदेनें 2025 सालीं केलेल्या कायद्याचा रोख पैसे जिंकण्याच्या आशेनें पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. वर्गणी वा प्रवेशमूल्य घेणारे करमणुकीचे खेळ त्यानें वेगळे मानले आहेत. मुलाच्या पोशाखाच्या हट्टाचा निकाल कोणताही कायदा देणार नाहीं. तो घरांतच लागावयाचा.

मोबाइल हिसकावून घेणें सोपें आहे, परंतु त्यानें मुलास पैशाचें मोल कळत नाहीं. प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द लागेल अशी व्यवस्था करावी, कार्डाचा क्रमांक खेळांत सांठवून ठेवूं नये, यूपीआयचा गुप्त अंक मुलास सांगूं नये. खेळासाठीं महिन्याची एक रक्कम ठरवावी. तींतून काय घेतलें तें मुलानें स्वतः वहींत लिहावें, आणि तेंही नाण्यांत न लिहितां रुपयांत. दोन-तीन पोशाखांची बेरीज क्रिकेटच्या बॅटीएवढी होते हें त्यास स्वतःच्या अक्षरांत दिसलें, म्हणजे पुढची निवड तें विचारानें करील. बंद पेटी मात्र त्या रकमेंतूनही घेऊं देऊं नये.